कावासाकी आजारातील रक्तमेद-निर्देशक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बालकांच्या मध्यम आकाराच्या धमन्यांना दाह आणणाऱ्या कावासाकी आजाराचे सविस्तर वर्णन जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये ५० रुग्णांच्या आधारे केले. उपचाराअभावी सुमारे २५ टक्के बालकांच्या हृदयधमन्यांत फुगवटे निर्माण होतात. पहिल्या दहा दिवसांत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर येते. म्हणूनच अधिक धोका असलेले बालक लवकर ओळखणे अगत्याचे असते. त्यासाठी रक्तातील मेदद्रव्यांची तपासणी हा स्वस्त मार्ग म्हणून अनेक अभ्यासांतून सुचविला जातो. या सूचनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
तीव्र अवस्थेत एच.डी.एल. कोलेस्टेरॉल घटते आणि ट्रायग्लिसराईड वाढते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो अर्थाचा. दाह भडकला की यकृतात सिरम अमायलॉइड ए हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते व एच.डी.एल. कणांवरील अपोलायपोप्रोटीन ए-१ ची जागा घेते. म्हणजेच एच.डी.एल.ची घट हा प्रामुख्याने दाहाचा परिणाम होय. प्रौढांत मेदसंचयामुळे धमनी अरुंद होते. येथे धमनीची भित्तीच दाहाने दुबळी होऊन फुगते. दोहोंना एकच न्याय लावणे सयुक्तिक नाही. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन व अल्ब्युमिन हेही दाहाचेच मापन करतात. त्यांच्यापलीकडे मेदतपासणी कोणती नवी माहिती देते, हे सिद्ध झाल्याखेरीज केवळ सहसंबंधाला भाकिताचा दर्जा देता येणार नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीविषयीचा आहे. एकाच रुग्णालयातील जुन्या नोंदींवरून सीमामूल्य ठरवायचे आणि त्याच नोंदींवर ते पडताळायचे, यातून अचूकता फुगवून दिसते. इम्युनोग्लोब्युलिनला दाद न देणारी बालके ओळखण्यासाठी जपानमध्ये २००६ साली मांडलेले कोबायाशी गुणांकन तेथे उपयुक्त ठरले. उत्तर अमेरिकेतील बालकांत मात्र त्याची संवेदनशीलता कमी आढळली. एका लोकसमूहातील निकष दुसऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही, हाच त्याचा बोध.

निष्कर्ष :
हा वाद केवळ संख्याशास्त्रापुरता नाही. इकोकार्डिओग्राफीची सोय दूर असलेल्या ठिकाणी मेदाचा अहवाल समाधानकारक आला म्हणून उपचार लांबणीवर पडले, तर त्याची किंमत बालकाला आयुष्यभर मोजावी लागेल. मेद-निर्देशक संशय बळकट करू शकतील. संशय दूर करण्याचा अधिकार त्यांना अद्याप प्राप्त झालेला नाही.