कौतिकनंतर कोण?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किसननगरच्या गल्लीतून दुपारी चालत गेलात, तर उंबऱ्यावर बसलेल्या बायका दिसतील. मांडीवर शिवून आलेल्या शर्टांचा ढीग, हातात लहान कात्री. उरलेले दोरे कापायचे, पैसे नगावर. कात्री चालते तशी डोक्यात बेरीज चालते : गॅस, मुलाची फी, भिशीचा हप्ता. शेजारची कंपनीत ‘पॅकिंगला’ असते. कंत्राटदाराने ‘ब्रेक’ दिला की तीही काही दिवस याच उंबऱ्यावर येऊन बसते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. या साठ वर्षांत कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, उंबऱ्यावरची बाई मात्र उठली नाही. तिच्या जगण्याला मराठी कादंबरीने किती मोल दिले? माझे उत्तर असे, की कादंबरीने तिचे दुःख पुष्कळ लिहिले, तिचा हिशोब फार थोडा.

सुरुवात मोठी झाली होती. १८९० पासून ‘करमणूक’मधून येऊ लागलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हरि नारायण आपट्यांनी यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली. वाचकांना विधवा यमूचे केशवपन आठवते. मला मुंबईच्या बिऱ्हाडातले यमूचे सुखाचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. एरवी कुणी नोंदही घेतली नसती अशा त्या साध्या सुखामुळेच पुढे तिच्याकडून काय हिरावले गेले ते कळते. ते दिवस वगळले, तर यमू फक्त कीव करण्यापुरती उरते.

उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (१९६०) याच्याही पुढचे पाऊल टाकले. विदर्भातल्या शिंपी कुटुंबातली कौतिक; नवरा महादेव कर्तृत्वाने थिटा, त्यात त्याला महारोग होतो. घर ओढायचे, मुलाला, नामाला शिकवायचे, हा तिचा ध्यास. शेळके तिला थोर म्हणत नाहीत, तिच्यासाठी रडतही नाहीत. ती कुठे कामाला गेली, कशावर भागवले, कोणापुढे हात पसरायचे टाळले, एवढेच ते वऱ्हाडी बोलीचा कस राखून सांगत जातात. कौतिकचे मोठेपण तिच्या निर्णयांतून दिसते. दारिद्र्यात माणसाला निवड उरत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. कौतिक रोज निवड करते आणि तिची किंमतही मोजते. साध्या बाईचे जगणे महत्त्वाचे कसे ठरते, हे याहून स्वच्छ दाखवणारी मराठी कादंबरी मला माहीत नाही.

शहरातल्या कमावत्या स्त्रीबाबत हे काम शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ने (१९९०) केले. आईवडील आणि बहिणी यांचा भार लहान वयात उचलणारी रीटा अखेर मनाने कोसळते. तिचा पगार घराला गृहीत असतो, ती स्वतः मात्र कुणाच्याच हिशोबात नसते.

त्याआधी ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीपासून (१९३४) आणि नंतर गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांच्यापर्यंत शिकलेल्या स्त्रीचे मन मराठीत खोलवर लिहिले गेले. कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) आदिवासी महिला सरपंचांपर्यंत पोचली. पण कष्टकरी बाईच्या हातातल्या कामाला अर्थ दिला तो बहुधा आत्मकथनाने. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूच्या टोपल्या विणणे आणि लेकीचे लिहिणे एकमेकांत गुंफले गेले.

या कमतरतेचे कारण विषयाच्या तुटवड्यात नाही, आपल्या पाहण्यात आहे. कादंबरीत साधी बाई आली की तिने एकतर बळी व्हावे किंवा बंड करावे, अशी अपेक्षा आपण लेखक, वाचक आणि समीक्षक मिळून धरतो. दोन्हींच्या मधली, रोज घर तोलून धरणारी बाई ‘घटना नाहीत’ म्हणून मागे ठेवली जाते. एका नगाचा दर चार आण्यांनी घटला, की तिच्या घरात किती गोष्टी बदलतात! घटना आणखी कशाला म्हणायचे?

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे. तिथल्या कादंबऱ्यांच्या कपाटात किसननगरची बाईही असायला हवी. नव्या लेखकांना, विशेषतः याच गल्ल्यांत वाढलेल्या मुलींना, माझी विनंती आहे : आईच्या भिशीच्या वहीपासून सुरुवात करा.