सायकलमार्ग आणि सायकलस्वार : पुण्यातील रस्तारचनेची एक चिकित्सा

पुणे एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात असे. शहराच्या वाहतुकीविषयीच्या बहुतेक लेखनाचा आरंभ या स्मरणाने होतो आणि शेवट सायकलीला गतवैभव मिळवून देण्याच्या संकल्पाने. सायकल मागे का पडली, याचे उत्तर मात्र नागरिकांच्या बदललेल्या आवडीनिवडीत शोधले जाते. हे उत्तर सोयीचे आहे. कारण त्यात रस्त्याला जाब द्यावा लागत नाही. (ज्या स्कूटरने सायकलीला कडेला लोटले, तिचा कारखाना शहरालगत आकुर्डीतच उभा राहिला, हा एक योगायोग.) प्रस्तुत लेखात पुण्यातील सायकलमार्गांच्या रचनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सातारा रस्ता व सोलापूर रस्त्यावर बीआरटी सुरू झाली. बसमार्गाच्या जोडीने कडेला सायकलमार्गही आखले गेले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाडेतत्त्वावरील सायकलींची योजना मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि काही वर्षांतच बंद पडली. धोरण, निधी आणि इच्छा या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात उपलब्ध होत्या, हे यावरून मान्य करावे लागेल. तेव्हा प्रश्न उरतो तो रचनेचा.

नेदरलँड्समधील सायकल-अभियांत्रिकीने चांगल्या मार्गाच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत : सलगता, थेटपणा, सुरक्षितता, सुखदता आणि आकर्षकता. पुण्यातील मार्ग पहिल्याच कसोटीवर अडखळतात. सायकलमार्ग पदपथाला लागून उंचावर असतो. प्रत्येक सोसायटीच्या, पेट्रोल पंपाच्या, गल्लीच्या तोंडाशी तो खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. मध्ये विजेचा डीपी येतो, झाड येते, दुचाकींना रोखण्यासाठी रोवलेले खांब येतात; हे खांब दुचाकीला क्वचितच अडवतात, हँडलवर पिशव्या लावलेल्या सायकलस्वाराला मात्र हमखास अडवतात. वर गुळगुळीत डांबराऐवजी पेव्हर ब्लॉक. डच रस्त्यावर याच्या नेमके उलट घडते. तेथे आडव्या गल्लीपाशी सायकलमार्ग आपली पातळी सोडत नाही, मोटारीला उंचवटा चढून तो ओलांडावा लागतो. कोणी चढायचे आणि कोणी सरळ जायचे, या काही इंचांच्या निर्णयात शहराचा प्राधान्यक्रम उघड होतो. जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेने पदपथ खरोखरच प्रशस्त केला, हे श्रेय नाकारता येणार नाही. पण पदपथाच्याच पातळीवरील सायकलपट्टा पादचाऱ्यांत विरघळून जातो. तेथे सायकल चालवणे हा चालणाऱ्यांवरच अन्याय ठरतो.

सर्वांत अवघड जागा चौकाची. अपघाताचा धोका तेथे सर्वाधिक असतो आणि नेमका तेथेच मार्ग संपतो.

तुकड्यांचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. १९७० च्या दशकात हेग व टिलबर्ग येथे प्रत्येकी एक उत्तम दर्जाचा प्रायोगिक मार्ग बांधण्यात आला. त्यावर सायकली आल्या, परंतु बहुतांशी आसपासच्या रस्त्यांवरून वळून. शहरातील एकूण सायकल वापर फारसा वाढला नाही. त्यानंतर डेल्फ्ट येथे सुटे मार्ग बाजूला ठेवून संपूर्ण जाळे जोडण्यात आले, आणि तेथे सायकलीचा वाटा वाढला. सायकलींची परंपरा नसलेल्या स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६ नंतर अल्पावधीत सलग जाळे उभारले. त्यासाठी लागणारी बरीचशी जागा मोटारींच्या पार्किंगमधून काढून घेतली. पुण्यात या दोन्ही पायऱ्या टाळल्या गेल्या. आराखड्यात जाळे आहे, प्रत्यक्षात तुकडे. आणि पार्किंगला हात लावण्याचा विषय निघाला की चर्चा पुढच्या सभेवर जाते.

या संदर्भात इंडियन रोड्स काँग्रेसची १९६२ ची मार्गदर्शिका उद्बोधक आहे. (ती २०१५ मध्ये सुधारण्यात आली.) रस्त्यावर तासाला दोनशेहून अधिक मोटारवाहने असतील, तर तासाला शंभर सायकली असल्यास स्वतंत्र मार्ग समर्थनीय, असा तिचा निकष होता. साठ वर्षांपूर्वी, रस्त्यावर सायकलीच अधिक असताना, तो वाजवी होता. आज अशी मोजणी करणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर आलेल्या घागरी मोजून गावाची तहान ठरवणे होय. ज्यांनी भीतीपोटी सायकल सोडली, ते गणतीत येतच नाहीत.

गणतीत येतात ते वेगळेच. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, बांधकामावरचा गवंडी, महापालिकेच्या शाळेत जाणारी मुलगी. यांना प्रोत्साहनाची गरज नाही. बसचे भाडे वाचवण्यासाठी ते सायकल चालवतातच. सायकलीविषयीच्या प्रचारसाहित्यात मात्र हेल्मेट घातलेला, रविवारी सकाळी व्यायामाला निघालेला नागरिक दिसतो. रचनाही त्याच्याच मापाने होते. सुरक्षारक्षक खांब आणि डीपी टाळून डांबरी रस्त्यावरूनच जातो, तेव्हा ‘मार्ग आहे, पण वापर नाही’ असा शेरा नोंदवला जातो, आणि त्या शेऱ्याच्या आधारे रिकाम्या पट्ट्यावर दुचाकी उभ्या करण्यास मुभा मिळते.