विकणाऱ्याचा कॉलम

माझ्या गूगल शीटमधली एक ओळ अशी होती: ड्रॅगन बोन्स, खरेदी २,०००, विक्री २,०४०, नफा नगामागे २०. अशा ओळी मी तीन आठवडे भरत होते आणि तीन आठवडे शीट हिरवीगार दिसत होती. मग एके रात्री खात्यातली नाणी मोजली आणि आकडा जुळेना. २०२५च्या मे महिन्यात 'ओल्ड स्कूल रूनस्केप'ने बाजारातल्या विक्रीवरचा कर १ टक्क्यावरून २ टक्के केला होता, आणि मी फॉर्म्युल्यातलं ०.०१ तसंच ठेवलं होतं. २,०४०चे २ टक्के म्हणजे ४०.८, खेळ अपूर्णांक सोडून देतो, म्हणून ४०. चाळीस कमावले, चाळीस कर भरला. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले हार्डकोड केलेले आकडे पकडणाऱ्या बाईची ही अवस्था.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: रूनस्केप २००१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. 'ओल्ड स्कूल' म्हणजे त्याची ऑगस्ट २००७मधली जपून ठेवलेली प्रत, २०१३मध्ये पुन्हा उघडलेली. चौकोनी चेहऱ्याची माणसं, विनोदी राजे, फालतू वाटणारी आणि मग अचानक लक्षात राहणारी कथानकं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला फोनवर खेळायला लागले. त्या गोष्टी वाचायलाच आले होते, खरं सांगते. पण या खेळात ग्रँड एक्स्चेंज नावाचा बाजार आहे, आणि तिथे एकदा पाय ठेवला की गोष्टी मागे राहतात.

बाजाराचं काम सोपं आहे. तुम्ही वस्तू आणि भाव टाकता, यंत्रणा समोरची ऑर्डर जुळवते. घाईत असलेला माणूस महाग घेतो, घाईत असलेला दुसरा स्वस्त विकतो, आणि मधली फट ती तुमची. याला फ्लिपिंग म्हणतात. फट किती आहे हे बघायला एक नग मुद्दाम चढ्या भावाने घ्यायचा आणि लगेच पडत्या भावाने विकायचा; दोन आकडे मिळतात. प्रत्येक वस्तूवर दर चार तासांची खरेदीमर्यादा असते, म्हणून एकाच वस्तूवर बसून चालत नाही, आणि म्हणून शीट लागते. माझ्या शीटमध्ये विकीवरून ताजे भाव आपोआप येतात. फट, कर, मर्यादा, चार तासांचा संभाव्य नफा. रंगसुद्धा दिले आहेत.

'शीट उघडली की खेळ मेला' असं एक मत नेहमी ऐकू येतं. मला ते आळशी वाटतं. शीट हेही एक वाचनच आहे, आणि काही बाबतींत बारकाईचं. नवीन अपडेटची घोषणा झाली की कुठल्या वस्तूचा भाव आधी हलतो, हे बघताना खेळ कसा बांधला आहे ते कळतं. विक्रीवरचा कर कुणाच्या खिशात जात नाही, त्यातल्या काही भागातून बाजारातल्या वस्तू विकत घेऊन नष्ट केल्या जातात, हे कळल्यावर मी त्या डिझायनरला मनातल्या मनात दाद दिली होती. कुठल्याही राजाच्या संवादापेक्षा ती योजना चांगली लिहिली आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. ईव्ह ऑनलाईन या आइसलँडच्या खेळाला लोक चेष्टेने 'अवकाशातली स्प्रेडशीट' म्हणतात, आणि २०२२मध्ये कंपनीने खरोखरच एक्सेलशी जोडणी जाहीर केली. पण तिथे माल न्यावा लागतो. जहाज भरायचं, मधल्या वाटेवर कुणीतरी दबा धरून बसलेलं असतं, जहाज फुटतं, माल अवकाशात तरंगतो. शीटमधल्या आकड्याला अंतर आहे. ग्रँड एक्स्चेंजमध्ये अंतरच नाही. माल खिडकीतून येतो. २००७च्या त्या प्रतीत हा बाजार नव्हताच. लोक बँकेसमोर उभे राहून ओरडत, म्हणजे टाइप करत, भाव करत, फसवतही. फसवणाऱ्यालाही नाव होतं. २०१५मध्ये बाजार आला आणि सगळ्यांची सोय झाली. माझीही. फक्त समोरचा माणूस गेला.

ड्रॅगन बोन्सच्या बाबतीत तो माणूस कोण असू शकत होता, हे मला फार उशिरा कळलं. हिरवे ड्रॅगन वाइल्डरनेसमध्ये राहतात, जिथे इतर खेळाडू तुम्हाला मारू शकतात. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळत होती त्या वर्षांत तिथले कितीतरी लोक तासन्‌तास हे ड्रॅगन मारत बसत. हाडं आणि कातडी बाजारात, मिळालेलं खेळातलं सोनं नियमाबाहेर खऱ्या पैशांना. त्यांच्या बोलिव्हारपेक्षा ते सोनं भरवशाचं होतं. २०१७मध्ये त्यांना हेरून कसं मारायचं, याची गाईडही कुणीतरी नेटवर टाकली होती. बरेच जण हसले, बरेच जण चिडले.

माझ्या शीटचा सगळ्यात जुना टॅब २०१९चा आहे. ड्रॅगन बोन्स, पुन्हा पुन्हा ड्रॅगन बोन्स. मी ज्याला 'घाईत असलेला विकणारा' म्हणत होते त्याची घाई कसली होती? ती माणसं होती की नव्हती हे मला कधीच कळणार नाही, आणि बाजाराची रचना अशी आहे की कळूच नये. खेळाच्या लेखकांनी प्रत्येक कोंबडीलासुद्धा एक वाक्य दिलंय (वस्तूवर दाबून ठेवलं की वर्णन येतं), पण त्यांच्या सगळ्यात गजबजलेल्या इमारतीत एकही खरा माणूस दिसत नाही. तिथे गर्दीत उभी असलेली शेकडो पात्रं एकमेकांकडे बघतही नाहीत. लेखनातली ही उणीव आहे असं मी म्हणेन, आणि माझ्या शीटने ती उणीव भरली नाही, तिला रंग दिले.

गेल्या महिन्यात मी एक कॉलम वाढवला: 'नगामागे मिनिटं'. तो भरण्यासाठी स्वतः गेले. ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल, चार-पाच मासे खायला. एका ड्रॅगनमागे एक हाड, एक कातडी. पिशवीत जागा अठ्ठावीस. म्हणजे अकरा-बारा ड्रॅगन झाले की बँकेकडे चालत परत. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत अकरावं हाड उचललं तेव्हा एक पांढरा ठिपका नकाशावर माझ्याकडे येताना दिसला. पळाले. बर्फाच्या मंत्राने जागीच थिजवलं, मग तीन-चार फटके. तो काही बोललाही नाही. माझी हाडं उचलून निघून गेला.

ती बहुतेक त्याने बाजारात टाकली असतील. त्या रात्री मी घेतलेल्या हाडांत तीही असू शकतात. भाव २,०१२ होता.