पणाला काय लावलंस?

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. एका शुक्रवारी संध्याकाळी ती बेसमेंटच्या जिन्यातून परत वर आली आणि मला हळूच म्हणाली, "अरे, पोरं खाली जुगार खेळतायत. फासे बघितले मी. शंभर मोहरा लावल्या म्हणत होता तुझा मुलगा!"

आईच्या काळजीला कारण होतं. तिच्या थोरल्या मामांनी दिवाळीतल्या पत्त्यांवर विहिरीजवळचं रान घालवलं होतं. ती गोष्ट आमच्या घरी अजूनही आवाज खाली करूनच सांगतात. मी तिला समजावलं की मोहरा खोट्या आहेत, हा सगळा गोष्टीतला कारभार आहे. त्यावर ती म्हणाली, "खोट्या मोहरा हरण्यात कसली आलीय मजा?"

प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. उत्तर शोधायला मी मुलाच्या कपाटातली पुस्तकं काढून वाचली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ही पुस्तकं असतील आणि बऱ्याच आईवडिलांनी ती उघडलेली नसतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो 1974 साली बाजारात आणला. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर अशी पात्रं घेतात. काम जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्टीत गावं येतात, तशा त्या गावांच्या जत्रा, शर्यती आणि जुगाराचे अड्डेही येतात. माझं कुतूहल त्यांच्यापुरतंच होतं. जो खेळ मुळात फाशांवरच चालतो, त्याच्या आत आणखी एक फाशांचा खेळ कसा बसवायचा?

'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या 2017 सालच्या पुस्तकात जुगाराचे रीतसर नियम आहेत. किमान 10 आणि कमाल 1000 सोन्याची नाणी लावायची. मग तीनदा फासा टाकायचा: एकदा माणूस ओळखण्यासाठी, एकदा थापेबाजीसाठी, एकदा दमदाटीसाठी. प्रत्येक वेळी गाठायचा आकडा वेगळा. दहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरजेत 5 मिळवले की तो मिळतो. तिन्ही जमले तर लावलेल्याच्या दुप्पट कमाई. एकही जमला नाही तर लावलेलं गेलंच, वर तेवढंच कर्ज डोक्यावर!

गणित मोठं बेताचं आहे. तिन्ही कसबांत ज्याची 5 ची भर आहे, त्याला प्रत्येक फाशाला बरोबर निम्मी संधी मिळते. म्हणजे आठांत एकदा तो मालामाल होतो आणि आठांत एकदा कर्जबाजारी. जुगारात कर्ज होतं हे मुलांना इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याबद्दल मी लेखकांना पूर्ण गुण देतो.

पण खेळ म्हणून हा प्रकार फसतो. रक्कम एकदा सांगितली की खेळणाऱ्याला ठरवण्यासारखं काहीच उरत नाही. तीन फासे पडतात, तक्ता बघितला जातो, आकडा वहीत जातो. टेबलावरून उठायचं की बसून राहायचं, हा जुगाराचा खरा क्षण नियमांतून गळला आहे. गंमत म्हणजे गोष्टीचं बीज त्याच पानांत दडलेलं आहे. दहात एकदा काही लचांड उद्भवावं अशी तरतूद आहे, आणि त्यातलं एक म्हणजे तुमच्यावर फसवणुकीचा आळ येतो. आळ खरा की खोटा, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचं. एवढी सुंदर कल्पना दहात एकदाच का, हे मला कळलं नाही.

'थ्री-ड्रॅगन अँटे' हा रॉब हाइन्सू यांचा 2005 सालचा पत्त्यांचा खेळ याच्या अगदी उलट आहे. गोष्टीतली पात्रं खानावळीत बसून खेळतात तोच डाव आपणही खऱ्या पत्त्यांनी खेळू शकतो. प्रत्येक जण एक पान पालथं ठेवतो. उघडल्यावर ज्याचं पान सर्वांत मोठं, तेवढी नाणी सगळ्यांनी मध्ये टाकायची. मग तीन तीन पानं खेळून ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. लहान पानंही वाया जात नाहीत, त्यांची करामत वेगळी. म्हणजे प्रत्येक पानाला विचार करावा लागतो. अडचण एकच: डाव रंगला की मूळ गोष्ट तासभर ताटकळत बसते.

मला सर्वांत आवडलं ते 2021 सालचं 'द वाइल्ड बियाँड द विचलाइट'. त्याची सुरुवातच एका जत्रेत होते. ही जत्रा दर आठ वर्षांनी येते. तिथे माणसं महाकाय गोगलगायींवर बसून शर्यत लावतात, केक खाण्याची स्पर्धा होते, शिंगवाल्या सशाच्या शिंगात कड्या टाकायच्या असतात. हे पुस्तक एकही लढाई न करता पार करता येतं. पण खरी खुबी वेगळीच आहे. पात्रं लहानपणी तिकीट न काढता या जत्रेत शिरलेली असू शकतात आणि तेव्हा त्यांचं काहीतरी हरवलेलं असतं: कुणाचं हसू, कुणाची दिशांची जाण, कुणाची गुपित राखण्याची शक्ती. एवढं कळल्यावर गोगलगायींची शर्यतही पोरखेळ राहत नाही. पात्रांच्या वागण्याने जत्रेचा एकूण मूड हसरा किंवा रडवा होतो, त्याचीही नोंद ठेवायची असते.

दोषही आहेत. खेळ फार आहेत आणि काही दोन-तीन फाशांत आटोपतात. सूत्रधाराने सगळे ओळीने उरकले, तर आपल्या मेळाव्यात कुपनं घेऊन स्टॉलमागून स्टॉल फिरल्यासारखं होतं. निवडक तीन-चार घ्यावेत.

हे सगळं मी आईला सांगत होतो, तेव्हा तिने शकुनीला मध्ये आणलं. "द्यूताच्या गोष्टीत फाशावर कुठला आकडा पडला, हे कुणाला आठवतं का रे? पणाला काय लावलं, तेच आठवतं." खरंच की! राज्य, भाऊ, स्वतः आणि मग द्रौपदी. आणि सभेला गप्प करतो तो द्रौपदीचा प्रश्न: जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? म्हणजे सगळी गोष्ट पणात आणि नियमात आहे, फाशात नाही. माझ्या सगळ्या वाचनाचं सार आईने दोन वाक्यांत सांगून टाकलं.

मग मुलाने नियम थोडा बदलला. तीन फासे सलग टाकायचे नाहीत. प्रत्येक फाशानंतर सूत्रधाराने विचारायचं, "उठतोस की बसतोस?" आणि नाण्यांऐवजी पात्राला प्रिय असलेलं काहीतरी लावायचं. पुढच्या शुक्रवारी मैत्रिणीच्या पात्राने आजोबांचा चाकू लावला. पहिला फासा जिंकली, दुसरा हरली. "उठतेस की बसतेस?" ती बसली आणि चाकू गेला. बेसमेंटमध्ये इतकी शांतता मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. पुढचे तीन शुक्रवार तो चाकू परत मिळवण्यात गेले.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होती. वर येताना म्हणाली, "मामांना कुणी विचारलं नाही रे, उठतोस का म्हणून."

तेव्हा मंडळी, मुलांच्या हातात फासे दिसले तर लगेच ओरडू नका. पुस्तक विकत घ्यायचं असेल तर 'विचलाइट' आधी घ्या, 'झॅनाथर'मधला जुगार वरचा बदल करून खेळा, आणि एखाद्या शुक्रवारी मुलांच्या टेबलाशी स्वतः बसा. आमच्याकडे आई बसली. गोगलगायीच्या शर्यतीत तिचा नंबर शेवटून पहिला आला, आणि भारतात परत गेल्यावरही ती दर आठवड्याला फोनवर विचारते, "पुढची शर्यत कधी?"