'वैमानिकशास्त्रा'तील रुक्म व शकुन विमाने : एक चिकित्सा

'वैमानिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथाविषयीचे मराठी लेखन बहुधा शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावाशी येऊन थांबते. तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर मानवरहित विमान उडविल्याचे सांगितले जाते. त्यास निर्विवाद पुरावा नाही. २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमुळे हा वाद पुन्हा रंगला, परंतु ग्रंथातील विमानांची रचना तपासण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत.

ग्रंथाचे कर्तृत्व भरद्वाज ऋषींकडे दिले जात असले, तरी तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला व वेंकटाचल शर्मा यांनी लिहून घेतला. आकृत्या बंगळूरच्या एलप्पा नावाच्या आरेखकाने काढल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे प्रभृतींनी १९७४ मध्ये केलेल्या परीक्षणानुसार ग्रंथाची भाषा अर्वाचीन असून वर्णिलेली विमाने उडू शकत नाहीत.

या परीक्षणात 'रुक्म' विमानास मात्र थोडी सवलत मिळाली आहे आणि ती रास्तच होय. उभ्या नळ्यांच्या माथ्यावर पंखे बसवून हवा खाली लोटावयाची, ही कल्पना तत्त्वतः चुकीची नाही. चूक आहे ती प्रमाणात. एक टन भार हवेत स्थिर धरण्यास ८ मीटर व्यासाच्या चक्रास आदर्श स्थितीत सुमारे ८८ किलोवॅट शक्ती पुरते. तेच काम एक चौरस मीटरच्या उघड्या पंख्याकडून घ्यावयाचे, तर सुमारे ६२० किलोवॅट लागते. नळीमुळे काही बचत होते, पण ती ही दरी भरून काढीत नाही. हेलिकॉप्टरचे पाते लांब असते ते याचसाठी.

'शकुन' विमानाची गत याहून बिकट. आकार वाढला की पंखांचे क्षेत्रफळ वर्गाने आणि वजन घनाने वाढते. सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानामुळे परिचित झालेला माळढोक हा उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. त्याचेही वजन पंधरा किलोच्या आसपासच थांबते. मजले असलेले विमान पंख फडफडवून उचलण्याची गोष्ट येथेच संपते.

खरी कसोटी तर ग्रंथकर्त्याच्या लक्षातही आलेली नाही. उभे उड्डाण आणि पंखांच्या आधाराचे उड्डाण यांच्या दरम्यानचा काळ हाच मिश्र विमानाचा सर्वांत अवघड भाग. चक्रे कलविणाऱ्या अमेरिकन 'ऑस्प्रे' विमानाने १९८९ मध्ये प्रथम उड्डाण केले; ते सेवेत येण्यास २००७ साल उजाडले. गोव्यात १९८३ ते २०१६ पर्यंत तैनात असलेल्या नौदलाच्या 'सी हॅरियर'ने हाच प्रश्न फिरत्या झोतनलिकांनी सोडविला. रुक्म विमान पुढे कसे जाणार, याविषयीचे ग्रंथातील वर्णन गणिताला हात लावू देत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन व यंत्रमानवावर आधारित डिजिटल शेतीचा प्रकल्प राबविला गेला. औषध फवारणारा ड्रोन पिकावरून संथ जातो, म्हणून त्यास अनेक चक्रे सोयीची. विस्तीर्ण क्षेत्राच्या पाहणीस पंख असलेले मिश्र यान अधिक उपयुक्त, कारण पंखांवर तरंगताना ऊर्जा कमी लागते. रचना कामावरून ठरते. हा विचार 'वैमानिकशास्त्रा'त कोठेही आढळत नाही. भारतीय ज्ञानपरंपरेच्या अभ्यासक्रमात ग्रंथ नेमावयाचाच असेल, तर तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानसाचा दस्तऐवज म्हणून नेमावा आणि त्याच तासिकेत वरील आकडेमोड फळ्यावर करून दाखवावी.