श्रद्धापोषक वाचन आणि वाङ्मयीन निकष

ख्रिस्ती श्रद्धेला पोषक अशा वाचनाची निवड करताना सहसा एकच प्रश्न विचारला जातो : ग्रंथातील प्रतिपादन धर्मसिद्धान्ताशी सुसंगत आहे काय? हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. श्रद्धा म्हणजे काही विधानांना दिलेली संमती असेल, तर प्रश्नोत्तरावलीने भागेल. ती जगण्याची रीत असेल, तर ग्रंथाची भाषा आणि त्याचा घाट यांचाही विचार करणे प्राप्त आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेने तो आरंभापासून केलेला दिसतो. गोव्यातील नवख्रिस्ती समाजासाठी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) रचताना फादर स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली. आशय नवा, पण श्रवणाची लय ओळखीची राहिली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल भाषांतरित करताना, स्वतः संस्कृतज्ञ असूनही, अल्पशिक्षितांना कळेल अशी साधी मराठी योजली. दोन्ही ठिकाणी वाचकाचा विचार केंद्रस्थानी आहे. मात्र श्रद्धेचा आशय आधीच सिद्ध असून वाचकाने तो केवळ ग्रहण करावयाचा आहे.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) येथे वेगळी ठरतात. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेईपर्यंत मधे काही वर्षे गेली. त्या काळातील ताटातूट, पतीविषयीचा संताप व ओढ, कोणाच्या हातचे अन्नपाणी चालावे हा छळणारा प्रश्न, यांतून त्यांची श्रद्धा घडत जाते. ती वादविवादात जिंकलेली नसून रोजच्या व्यवहारात उमगलेली आहे. स्वतःवर हसण्याची त्यांची वृत्ती या घडणीला दांभिकतेपासून वाचवते.

तथापि या ग्रंथाचे दोन अर्धेच वाचक दिसतात. समीक्षेने त्यातील विनोद आणि अकृत्रिम निवेदन वाखाणले, पण श्रद्धेचा घडणक्रम बहुधा चरित्रतपशील मानला. उलट केवळ उपदेश शोधणाऱ्याला त्यात उपदेशच सापडत नाही. उद्या नाशिक वा देवळाली कॅम्प येथील एखाद्या मंडळीने वाचनाची यादी सिद्ध केली, तर ‘स्मृतिचित्रे’ शास्त्रवचनाची जागा घेऊ शकणार नाहीत, हे उघड आहे. परंतु शास्त्रवचन माणसाच्या घरात, भांडणात आणि भाकरीत कसे उतरते, हे त्यांच्याइतके स्पष्ट दाखवणारा ग्रंथ त्या यादीत क्वचितच असेल.

म्हणून निवडीच्या पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याची जोड हवी : वाचकाच्या संशयाला या ग्रंथात जागा आहे काय? ज्या ग्रंथात ती नाही, तो श्रद्धेचे रक्षण करील. पोषण करीलच असे नाही.