संदर्भखुणांतील वर्ज्य अक्षरें

हस्तलिखितांच्या याद्या व कागदपत्रांच्या आवृत्त्या आतां एक्सएमएल पद्धतीनेंही तयार होतात. ज्या स्थळाकडे अन्यत्र निर्देश करावयाचा, त्यास तींत एक ओळखखूण द्यावी लागते; ती एका लेखांत एकदांच यावी, व तींत मोकळी जागा किंवा तिरकी रेघ नसावी, असा १९९८ सालापासून नियम आहे.

नियमाविषयीं आमचा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो वर्ज्य अक्षर मुकाट्यानें गाळणाऱ्या साधनांवर. ‘रुमाल १२/३’ व ‘रुमाल १/२३’ हे भिन्न निर्देश; पण जागा व रेघ गाळतांच दोहोंचें ‘रुमाल१२३’ होतें.

याहून सूक्ष्म प्रकार अदृश्य जोडचिन्हाचा. कित्येक संगणकीय मजकुरांत ‘दऱ्या’ हा शब्द र, हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला असतो. नियमावलीच्या पहिल्या चार आवृत्त्यांत तें चिन्ह खुणेंत निषिद्ध होतें; २००८ च्या पांचव्या आवृत्तीनें तें ग्राह्य केलें. जुन्या नियमानें चालणाऱ्या साधनानें तें गाळलें, कीं ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरांतील खोऱ्यांचा समुद्र!

डॉक्युटिल्स हें साधन शीर्षकावरून खूण करतांना केवळ रोमन अक्षरें व अंक राखतें. निव्वळ देवनागरी शीर्षकाचें कांहींच उरत नाहीं. त्यास अनुक्रमानें खूण मिळते. पुढें मध्यें एखादें प्रकरण घातलें, तर नंतरच्या खुणा सरकतात व जुना निर्देश भलत्याच प्रकरणाकडे नेतो. तुटलेला निर्देश वाचकास कळतो. चुकीच्या कागदाकडे नेणारा कळत नाहीं, आणि त्यावर अनुमानें उभीं राहतात.

ह्यास्तव अक्षर गाळूं नये. त्याचा युनिकोड क्रमांक दोन अधोरेषांमध्यें लिहावा. जागेचा क्रमांक ३२ व तिरक्या रेघेचा ४७. तेव्हां पहिला निर्देश ‘रुमाल_३२_१२_४७_३’ असा होईल व त्यावरून मूळ रूप जसेंच्या तसें परत मिळेल. मुळांतच अधोरेषा असल्यास तिच्याही जागीं तिचा ९५ हा क्रमांक ह्याच रीतीनें घालावा. शिवाय मूळ निर्देश निराळा जपावा. टीईआय पद्धतींत हस्तलिखिताच्या क्रमांकासाठीं स्वतंत्र स्थान आहेच.

संग्राहकांनीं साधन चालविण्यापूर्वींची व नंतरची खुणांची यादी ताडून पाहावी. दोहोंतील भिन्न खुणांची संख्या एक न भरल्यास ती आवृत्ति छापूं नये.